‘हसल’ : नाच की खटपट?

प्रश्न असा आला आहे : वडिलांच्या जुन्या तबकड्यांत व्हॅन मकॉय यांची ‘द हसल’ सापडली, तो म्हणे नाच आहे. घरातला मुलगा मात्र नोकरी सांभाळून रात्री दुसरं काम करतो आणि त्याला ‘हसल’ म्हणतो. हे दोन वेगळे शब्द आहेत का, आणि मराठीत काय म्हणावं?

शब्द एकच आहे. मूळ डच ‘हुत्सेलन’, म्हणजे हलवणं, घुसळणं. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा संबंध नाण्यांच्या खेळाशी होता : टोपीत नाणी घालायची, खुळखुळवायची आणि टाकायची. आपल्याकडे कवड्या मुठीत खुळखुळवतात, तसंच. पुढे नाण्यांच्या जागी माणसं आली आणि अर्थ झाला धक्काबुक्की, रेटारेटी. अमेरिकेत त्याला पैसा चिकटला. रेटून काम करणारा हसलर, आणि लोकांना गंडवून कमावणाराही हसलरच.

नाचाचा हसल न्यूयॉर्कचा. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राँक्समधल्या पोर्तो रिकन वंशाच्या तरुण मुलामुलींत तो घडला. घरात माम्बो-साल्सा या लॅटिन जोडीनाचांचे संस्कार होतेच. साठच्या दशकात ट्विस्ट नावाच्या नाचापासून जो तो सुटासुटा नाचू लागला होता. हसलने पुन्हा जोडीदाराचा हात हातात दिला. मला या नाचाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं. मकॉय यांची तबकडी 1975ची. शब्द जवळपास नाहीतच, पिकोलो नावाची छोटी बासरी सूर धरते. त्या जुलैत ती अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि क्लबांमधला नाच जगभर पोचला.

पावलं मोजून पाहाच. हसल मोजतात ‘आणि-एक-दोन-तीन’. ‘आणि’ अर्ध्या मात्रेत उरकायचं, म्हणजे तीन मात्रांत चार पावलं. ज्यावर तो नाचतात त्या डिस्को संगीताचा ठेका मात्र चार-चार मात्रांचा. त्यामुळे पावलांचं आवर्तन दर वेळी ठेक्यापुढे सरकत जातं आणि बारा मात्रांनी पावलं आणि ठेका पुन्हा समेवर भेटतात. तबला ऐकणाऱ्याला यातली गोडी वेगळी सांगायला नको. एकट्याने ओट्यापाशी उभं राहून केलं तरी त्या ‘आणि’पाशी पाय घाई करतात, आणि जोडीदार असेल तर ती घाई हातातून हातात जाते. नाव कशामुळे पडलं असेल ते असो, मला तरी त्या अर्ध्या मात्रेत मूळ शब्दातली खुळखुळ ऐकू येते.

आता मराठी. मुलाच्या हसलला ‘धडपड’ सुचवतात. चांगला शब्द आहे, पण त्यात पडणं-ठेचकाळणं जास्त. ‘मेहनत’ फार सरळ. मी ‘खटपट’ निवडेन. ‘खटपट करून घर उभं केलं’ यात कौतुक आहे. ‘तो फार खटपट्या आहे’ म्हटलं की समोरचा सावध होतो. हसलसारखीच दुहेरी छटा, आणि तीही नादातून आलेली. ‘दिवसा नोकरी, रात्री खटपट’ हे वाक्य मला अस्सल मराठी वाटतं.

नाचाला मात्र हसलच म्हणावं. वॉल्ट्झ, टँगो, साल्सा यांची नावं आपण बदलली नाहीत. तो नाच, म्हणून ‘तो हसल’, पुल्लिंगी. इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘टी’चा उच्चार होत नाही, तेव्हा ‘हस्टल’ नको. एक अडचण आहे : बोलीत ‘ती हसल’ म्हणजे ‘ती हसेल’. म्हणून तबकडीविषयी लिहिताना पहिल्या उल्लेखात ‘हसल नाच’ लिहावं, पुढे नुसता ‘हसल’ चालेल.