पबमध्ये वाजवणाऱ्या बँडला एका रात्रीचे किती पैसे मिळतात?

तुमच्या प्रश्नातला तपशील असा: चौघांचा बँड, बहुतेक कव्हर (म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी), थोडी स्वतःची गाणी. पबचा मालक म्हणतोय, ठरावीक रक्कम घ्या, नाहीतर दारावरच्या तिकिटांतले ७० टक्के. आणि तुम्हाला हवाय 'चालू रेट'. मी बरीच वर्षं पब बँडमध्ये बेस वाजवतो आणि पैशांची बोलणीही माझ्याच गळ्यात पडलेली आहेत, म्हणून लिहितो.

चालू रेट असा एकाच रस्त्यावरच्या दोन पबांतही सारखा नसतो. आकडा विचारण्यापेक्षा हे विचारा: त्या रात्री पब रिकामा राहिला तर नुकसान कोणाचं? ठरावीक रकमेत ते मालकाचं, टक्केवारीत तुमचं. सगळी घासाघीस एवढ्यावरच चालते.

मालकाच्या बाजूने बघा. बँड नसतानाही त्याचा शनिवार काहीतरी धंदा करतोच. तुमच्यामुळे त्यावर जी जास्तीची विक्री झाली, तिच्यातून दारूची खरेदी आणि वाढीव माणसांचे पगार गेल्यावर जे उरतं, त्यातून तुमची बिदागी निघते. म्हणून त्याला तुमच्या सोलोंशी फारसं कर्तव्य नसतं; मधल्या सुट्टीत लोक बिल मागतात की आणखी एक राउंड, हे तो बघतो. ओळखीची गाणी वाजवणाऱ्या कव्हर बँडला ठरावीक रक्कम सहज मिळते आणि स्वतःची गाणी घेऊन आलेल्यांना दारावरच्या टक्केवारीकडे बोट दाखवलं जातं, ते यामुळेच. लग्नात किंवा कंपनीच्या पार्टीत तोच बँड तीच गाणी वाजवून पबच्या कित्येक पट पैसे घेतो, कारण तिथे यजमान खिशातून खर्च करत असतो, त्याला गल्ला भरायचा नसतो.

आता ७० टक्क्यांचं. ऐकायला घसघशीत वाटतं, पण कशाचे ७०? बहुतेक ठिकाणी आधी 'खर्च' वजा होतो: साउंडवाला, दारावरचा माणूस, कधी पोस्टरसुद्धा. हिशोब तिकिटांतच करून बघू. समजा ठरावीक रक्कम ३० तिकिटांच्या किमतीएवढी आहे आणि वजा होणारा खर्च १५ तिकिटांएवढा. तर टक्केवारीतून तेवढेच पैसे मिळायला ५८ माणसांनी तिकीट काढायला हवं. खर्च वजा नसता तर ४३ पुरले असते. म्हणजे वाटाघाट टक्क्यांवर करण्याआधी त्या खर्चाच्या यादीवर करा. शिवाय ५८ म्हणजे पैसे भरून आलेले ५८. फुकट सोडायच्या पाहुण्यांची यादी, मालकाचे दोस्त, आधीपासून आत बसलेले लोक यात धरायचे नाहीत. दारावर तुमचा एक माणूस उभा करा. भांडणासाठी नव्हे, नुसता मोजायला.

बारच्या विक्रीतला वाटा देऊ केला तर शक्यतो नकोच म्हणा. तिकिटं मोजता येतात, दुसऱ्याचा गल्ला मोजता येत नाही. सगळ्यात बरा प्रकार म्हणजे ठरलेली किमान रक्कम किंवा टक्केवारी, यांतलं जे जास्त होईल ते. नव्या बँडला हे सहसा मिळत नाही, पण मागायला पैसे पडत नाहीत.

आणि एक प्रकार सरळ टाळा: वाजवायला मिळावं म्हणून बँडनेच आधी तिकिटं विकत घ्यायची आणि मग ती खपवत फिरायचं. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या क्लबांच्या रस्त्यावर हे इतकं माजलं होतं की संगीतकारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पद्धत अजून जिवंत आहे, नावं बदलत असतात.

रक्कम ठरली की ती घरी किती येते ते बघा. पब पैसे बँडला देतो, माणशी नाही. एजंट असेल तर त्याचे १० ते २० टक्के आधी जातात. पीए (स्पीकर-माइकची यंत्रणा) कोणा एकाचा असेल तर बऱ्याच बँडमध्ये त्याला एक जादा वाटा देतात, आणि ते रास्त आहे, कारण स्पीकर त्याच्याच गाडीत चढतात आणि फुटले तर त्याचेच फुटतात. नेहमीचा ड्रमर आला नाही म्हणून बदली बोलावला, तर त्याला कबूल केलेले पैसे पूर्ण द्यायचे, मग उरलेल्यांना कमी मिळाले तरी चालतील. उरलं ते समान. ४५ मिनिटांचे दोन सेट म्हणजे दीड तासाचं काम असं पब धरतो, पण सामान चढवणं, प्रवास, साउंड चेक, ताटकळणं आणि परत सामान उतरवणं धरलं तर सहा-सात तास सहज जातात. त्याने भागून बघा, फक्त ड्रमरसमोर भागू नका.

हे आजचंच नाही. १९६० साली बीटल्स हॅम्बुर्गच्या इंद्रा क्लबमध्ये लागले तेव्हा माणशी दिवसाला ३० जर्मन मार्क ठरले होते, आणि साध्या दिवशीही साडेचार तास वाजवायचं होतं. रक्कम छोटीच होती, पण ठरावीक होती आणि माणशी होती. आजच्या कित्येक पब बँडांना या दोन्हीपैकी एकही गोष्ट मिळत नाही.

माणशी मिळत नसेल तर माणसं कमी होतात. पाच जणांचे पैसे दोघांत वाटले की गिटार आणि गळा एवढ्यावर संसार चालतो, म्हणून पबांत इतके डुओ दिसतात. ब्रिटनमध्ये त्याला कायद्याचाही हात होता: दोनपर्यंत वादक असतील तर पबला मनोरंजनाचा वेगळा परवाना लागत नसे. २००३चा परवाना कायदा २००५मध्ये लागू झाला तेव्हा ही सवलत गेली, आणि पुढे २०१२च्या कायद्याने छोट्या जागांना पुन्हा मोकळीक मिळाली.

तुमची स्वतःची गाणी आहेत ना? मग एक उत्पन्न बहुतेक बँड विसरतात. सार्वजनिक जागी गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टी लागू होते, आणि तो पैसा वाजवणाऱ्याकडून नव्हे, तर जागेच्या परवाना शुल्कातून येतो. याची सुरुवात झाली पॅरिसच्या एका कॅफेत. १८४७मध्ये अर्नेस्ट बूर्जे या गीतकाराने तिथे आपलीच रचना चालू असलेली ऐकली आणि म्हणाला, तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, तर मीही पेयाचं बिल देणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला, आणि त्यातूनच १८५१मध्ये सासेम ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था उभी राहिली. आज अनेक देशांत अशा संस्था आहेत. तुमच्या संस्थेत नाव नोंदवा, आणि छोट्या गिगची (कार्यक्रमाची) गाण्यांची यादी ती स्वीकारत असेल तर दर वेळी भरा. कव्हर वाजवून मात्र तुम्हाला यातलं काही मिळत नाही, ते मूळ लेखकाचं.

'पैसे नाहीत, पण प्रसिद्धी मिळेल' असं कोणी म्हणालं तर त्या रात्री बारटेंडरही प्रसिद्धीवरच काम करतोय का, ते विचारा. चांगल्या कामासाठीचा निधी असेल तर खुशाल फुकट वाजवा, पण मग सगळेच फुकट हवेत.

तुमच्या बाबतीत, पहिल्याच गिगला ठरावीक रक्कम घ्या. हॉल भरला तर पुढच्या वेळी टक्केवारीचं बोलायला तुमच्याकडे पुरावा असेल. आणि मालकाला आजच असा मेसेज टाका: 'शनिवारी ९ ते ११, ४५ मिनिटांचे दोन सेट, चार वादक. पीए आणि साउंडवाला तुमचा. रक्कम अमुक, वाजवून झाल्यावर त्याच रात्री. पैसे कोण देणार त्यांचं नाव कळवा. ४८ तासांच्या आत रद्द केल्यास निम्मी रक्कम. कृपया होकार कळवावा.' नाव विचारायला विसरू नका. रात्री साडेअकराला मालक घरी गेलेला असतो, आणि काउंटरवरच्या मुलाला कोणी काही सांगितलेलं नसतं.