पुस्तकं कपाटाबाहेर कशी काढायची?

प्रश्न : आमच्या नागपूरच्या शाळेत ग्रंथालयाचं काम माझ्याकडे आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनापुरती पुस्तकं बाहेर निघतात, मग कपाट बंद. घरी दिलेली पुस्तकं मुलं न वाचताच परत आणतात आणि सारांश मात्र छान लिहितात! काय करावं?
– एक शिक्षिका, पाचवी ते सातवी

उत्तर : मॅडम, तो सारांश मलपृष्ठावरून उतरवलेला असतो. लेखी सारांश आधी बंद करा. ज्याला सांगावंसं वाटेल त्याने मिनिटभर तोंडी सांगावं, बस.

कपाट बंद राहतं ते पुस्तक हरवलं तर भरपाई कोण देणार या धास्तीने. म्हणून मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या : फाटकी, हरवलेली पुस्तकं दरवर्षी रीतसर निर्लेखित होतील, म्हणजे नोंदवहीतून कमी केली जातील, मुलांना दंड होणार नाही. दंड असला की घरचेच म्हणतात, "आणूच नको."

आता प्रत्येक वर्गासाठी पुस्तकांची वेगळी पेटी करा. चाळीस मुलांच्या वर्गाला निदान साठ पुस्तकं हवीत; मोजून चाळीस ठेवली तर शेवटच्या मुलांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पातळ पुस्तकं कपाटात उभी लावली की दिसतच नाहीत, म्हणून वर्गात दोरी बांधून चिमट्यांनी मुखपृष्ठं समोर येतील अशी टांगा. नागपुरात बऱ्याच घरांत हिंदी बोलतात, तेव्हा थोडी हिंदी पुस्तकंही असू द्या.

आठवड्यातून एक तास ठरवा आणि तो कुठल्याही कारणाने गणिताला देऊ नका. पहिली दहा मिनिटं अदलाबदल, उरलेला वेळ तिथंच बसून वाचन. खरी मेख इथं आहे : चार पानं वर्गात वाचून झालेली असली की पुस्तक घरी गेल्यावर उघडलं जातं, कोरं गेलेलं दप्तरातच राहतं. देवघेवीची नोंद दोन मुलांकडे सोपवा. पुस्तकाचा दाखल क्रमांक, हजेरी क्रमांक आणि तारीख एवढं पुरे.

निवडताना मुलाला मधलंच एक पान वाचायला सांगा. पाचाहून जास्त शब्द अडले तर सोपं पुस्तक द्या. सातवीतल्या मुलाने चित्रांचं पुस्तक उचललं तरी टोकू नका. तिथूनच तो पुढे सरकतो.

प्रश्न : पुस्तकांना पैसेच नसतील तर?

उत्तर : बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, निवडक गोष्टी छापून पुठ्ठ्यात बांधा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी परिसरात पुस्तकांचे भरपूर स्टॉल लागतात, तिथंही चक्कर टाका. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकं कुलपात ठेवू नका. प्रत्येकाला दोन-तीन देऊन पाठवा, शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात परत घ्या.