प्रश्न: विमानाच्या तिकिटात सरकारचा टॅक्स नेमका किती असतो? फ्लाइट चुकली तर परत मिळतो का?

मिळतो, पण मागून घ्यावा लागतो. मागच्या मे महिन्यात आईला घेऊन कोलकात्याला ताईकडे निघालो होतो, भाच्याचं बारसं. नाशिकच्या ओझर विमानतळावरून थेट सोय नाही म्हणून मुंबईची फ्लाइट, आणि कसारा घाटात ट्रेलर आडवा झालेला, अडीच तास गाडी जागची हलली नाही. पोचलो तेव्हा चेक-इन बंद. आई पहिल्यांदाच विमानात बसणार होती. झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली बाई, तिकिटं तिने स्वतःच्या पेन्शनमधून काढलेली. ती बाहेरच्या बाकावर बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली, झाकण उघडू नये म्हणून डब्याला नाडी बांधलेली, ती सोडायची आणि परत बांधायची. बोलली काहीच नाही.

बुकिंगवाला म्हणाला सेल फेअर आहे, एक रुपया मिळणार नाही. साफ खोटं! डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, प्रवास केलाच नाही तरी सरकारी कर आणि यूडीएफ (विमानतळ वापरायची फी) परत द्यायचे, भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी. नुसती सिक्युरिटी फीच माणशी २०० रुपये आहे. तीन मेल टाकले तेव्हा कुठे पैसे आले.

आता टॅक्सचं. इकॉनॉमीला जीएसटी ५ टक्के, बिझनेसला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. पण खरा मार छापलेलाच नसतो. विमानाचं इंधन २०१७ पासून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर केंद्राची एक्साइज, वर राज्याचा व्हॅट. मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता, २०२३ च्या बजेटमध्ये १८ वर आणला. कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला हा कर जीएसटीतून वळता करता येत नाही, मग तो भाड्यात घुसतो आणि त्या भाड्यावर परत जीएसटी. छोटी शहरं विमानाने जोडायच्या उडान योजनेतल्या विमानतळांसाठी राज्यांनी हाच व्हॅट १ टक्क्यावर आणायचं कबूल केलं होतं, म्हणजे मनात आलं की कमी करता येतो.

आमचे दाजी म्हणतात विमानात बसायची ऐपत आहे ना, मग भरा टॅक्स, रडता कशाला. दाजी, मास्तरणीच्या पेन्शनला कसली ऐपत म्हणता? तुमच्याच लेकाच्या बारशाला निघाली होती ती.

हां, हे सगळं डोमेस्टिकचं सांगतोय, आणि मूळ भाडं गेलं ते गेलंच. आई नंतर नाशिकरोडवरून रेल्वेने गेली, तोवर बारसं होऊन गेलेलं.