घराने आणि मंडळीनेही दूर केलेल्याला देव खरंच जवळ करतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरच्यांनी नाव टाकलं, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी बाकावर शेजारी बसेना, आणि चर्चचे पाळक मात्र 'देव सगळ्यांना जवळ करतो' असं सांगतात. ते खरं कशावरून, असं तुम्ही विचारलंय. मी पाळक नाही. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो, एवढाच माझा अधिकार.

मला उत्तर सापडतं ते बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायाच्या शेवटी. एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाने फाटके कपडे घालायचे, केस मोकळे सोडायचे, तोंड झाकून 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडत जायचं आणि वस्तीबाहेर एकटं राहायचं. (तिथला मूळ शब्द आजच्या कुष्ठरोगापुरता नाही. त्वचेचे बरेच विकार त्यात येतात, घराच्या भिंतीवरची बुरशीसुद्धा.) हा माणूस म्हणतो, तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. येशूला ते जमेल याची त्याला खात्री आहे. शंका आहे ती इच्छेची. वर्षानुवर्षं हाकलला गेलेला माणूस असंच बोलणार: करू शकेल हो, पण माझ्यासाठी कशाला करेल? तुमच्या प्रश्नातही मला तेच ऐकू आलं.

येशू आधी हात लावतो. मग 'माझी इच्छा आहे' म्हणतो. शुद्ध होणं त्यानंतर. नुसत्या शब्दानेही भागलं असतं; शताधिपतीच्या, म्हणजे एका रोमी सैन्याधिकाऱ्याच्या, चाकराला त्याने न बघता, दुरूनच बरं केलं होतं. नंतर तो या माणसाला याजकाकडे, म्हणजे यहुदी पुरोहिताकडे, पाठवतो, कारण वस्तीत परत घ्यायचं तर शिक्का याजकाचाच लागे. पण हा गडी गावभर सांगत सुटतो आणि येशूला उघडपणे गावात शिरणं अवघड होतं. तो ओसाड जागी राहू लागतो. रोगी गावात, येशू गावाबाहेर! आमच्याकडची बरीच घरं महारवाड्या-मांगवाड्यांतून ख्रिस्ती झालेली. हे वचन आमच्या आज्यांना कुणी फोड करून सांगावं लागलं नाही.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथल्या सिस्टरांनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनमधल्या फुलमचं एक घर पाहायला पाठवलं. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायका तिथे राहत. अशा बायकांसाठी कुणी इतकं करताना रमाबाईंनी आपल्याकडे पाहिलं नव्हतं. तुम्ही यांच्यासाठी का झिजता, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवरची शोमरोनी बाई, यहुदी ज्यांना टाळत त्या लोकांतली, जिच्याकडे येशू स्वतःहून पाणी मागतो. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं. अध्याय वाचणारे पुष्कळ असतात, त्यावर घर बांधणारी एखादीच.

म्हणजे देवाबद्दल तुमचे पाळक सांगतात ते मला खरं वाटतं. मंडळीबद्दल मात्र मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. आपल्याच ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे काडीमोडाचं एक कारण म्हणून २०१९ पर्यंत होतं (इतरांच्या कायद्यांतही होतं, पण इतरांना आपण मार्क वाचायला कुठे लावतो).

माझ्या लहानपणी आमच्या मंडळीत एक काका होते. कुष्ठरोगाचे औषधोपचार पूर्ण झालेले, बोटं थोडी वाकडी राहिलेली. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतल्या द्राक्षारसाचा, प्याला तेव्हा सगळ्यांना एकच असे. काका रांगेत नेहमी सगळ्यात शेवटी उभे राहत. मला वाटायचं, किती नम्र माणूस आहे! त्यांना शेवटी उभं राहा असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. पुढे या, असं म्हटल्याचंही नाही. मोठा झाल्यावर मीही काही वर्षं त्याच रांगेत त्यांच्या पुढे उभा राहिलो.