मुंबई ते हीथ्रो: दहा तासांचं विमान, पण घर किती लांब?

तुम्ही लंडनला राहायला जाणार, म्हणून विचारलंय की मुंबई ते लंडनच्या हीथ्रो विमानतळाला विमानाने किती वेळ लागतो, आणि कोल्हापूरला आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत तर गरज पडली की एका दिवसात पोचता येईल का. आकडा सांगतो, सरळ रेषेत साधारण ७,२०० किमी. लंडनकडे जाताना वारा समोरून, त्यामुळे दहा तासांच्या आसपास, आणि भारतात येताना तोच वारा पाठीवर म्हणून तासभर कमी. व्हिसाचे प्रकार, फी वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी परत लिहीत नाही.

पण कोल्हापूरचं गणित वेगळं. लंडनच्या घरातून हीथ्रो, तीन तास आधी पोचायचं, मग विमान, मुंबईत इमिग्रेशन, बॅगा, आणि पुढे हायवेने सात-आठ तास गाडी. त्यात भारतातलं घड्याळ साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. तिकीट लगेच मिळालं तरी दारापासून दारापर्यंत चोवीस तास धरूनच चाला.

आणि हे सुद्धा तुम्ही निघू शकत असाल तर. व्हिसा वाढवायचा अर्ज तिथूनच केला आणि निकाल यायच्या आधी भारतात आलात, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. आमचे अण्णा गेले तेव्हा माझा अर्ज आत होता. बायको-मुलाचा व्हिसा माझ्यावरच अवलंबून. भावाने रात्री फोन करून विचारलं, थांबू का, बर्फाची सोय करतो. मी म्हणालो, नका थांबू. अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर बघितला, फोन चुलतभावाच्या हातात होता आणि तो रडत असल्यामुळे चित्र सारखं हलत होतं. बरोबर केलं का हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून एवढंच सांगतो, व्हिसा वाढवायचा अर्ज कोणत्या महिन्यात करावा लागणार ते घरी सांगून ठेवा, आणि थांबायचं की नाही हे भावाबहिणींशी आत्ताच बोला, अवघड वाटलं तरी.

मुलीच्या शाळेचं विचारलंत. इंग्लंडमध्ये जागेपेक्षा अर्ज जास्त असले की बऱ्याच शाळा घरापासूनचं सरळ रेषेतलं अंतर मोजतात, त्यामुळे पत्ता आधी आणि शाळा मग. आम्ही वर्षाच्या मध्येच पोचलो, समोरच्या शाळेत जागा नाही, काउन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, दोन बसेस बदलून जायची शाळा दिली, ती मिळेपर्यंत सुद्धा पोरगा कित्येक आठवडे घरी. मधल्या सुट्टीचा गलका ऐकू आला की तो खिडकीत जाऊन उभा राहायचा, सात वर्षांचं पोर. ईमेल केला की तेच ठरलेलं उत्तर यायचं, अजून आठवलं की डोकं फिरतं. नंतर समोरच्या शाळेत जागा निघाली तेव्हा त्याला लांबच्या शाळेत मित्र झाले होते, तो हलायला तयार होईना.

अजून एक, शाळा चालू असताना परवानगीशिवाय सलग आठवडाभर मुलीला भारतात आणलंत तर दंड होऊ शकतो, दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड, मुदतीत नाही भरला तर १६०. घरात कोणी आजारी असेल तर हेडटीचरला आधी लेखी कळवा, ते विचार करतात.

एकटेपणा म्हणाल तर कामाच्या रगाड्यात जातो, त्याची चिंता करू नका. शक्यतो जुलैअखेर या, म्हणजे सप्टेंबरला शाळा सुरू व्हायच्या आत पत्ता हातात असेल.