‘चार वर्षं काय शिकलीस?’

प्रश्न : मुलीचं बीएस्सी नर्सिंग यंदा झालं. दोन महिन्यांपूर्वी परळच्या एका खासगी रुग्णालयात लागली. नाइटला आठ पेशंट तिच्या एकटीकडे. एकदा डोस विचारला तर सीनियर म्हणाली, ‘चार वर्षं काय शिकलीस?’ रोज रडत घरी येते. बँकेच्या परीक्षांना बसवू का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, बँकेच्या परीक्षा कुठे पळून जात नाहीत. तिच्या रडण्याने मी फारशी घाबरले नाही. नव्या नर्सच्या या अवस्थेला अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ असं नाव दिलं. मला धास्ती वेगळीच वाटते. त्या टोमण्यानंतर तिने विचारणंच सोडलं नाही ना?

इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे वायल (इन्सुलिनची बाटली) बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवालीची सिरिंज केशरी टोपणाची. चाळीसचं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला मिळतात फक्त ८ युनिट. उलट, शंभरचं लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर ५०! पहाटे तीनला डोळे मिटत असताना ‘सिस्टर, एकदा बघता का?’ म्हणायला लाज कसली? इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन अशी औषधं देण्याआधी दुसऱ्या नर्सकडून तपासून घेतात, ती रीतच आहे. टोमणा मारणाऱ्या सीनियरलाही हे ठाऊक असतं.

कॉलेजात एक-दोन पेशंट आणि सवडीने लिहायचा केअर प्लॅन. इथे आठ बेड, फोन, नातेवाईक, फाइली. आधी काय, मग काय, हे अंगवळणी पडायला महिने जातात. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीच्या नर्सकडून पेशंट ताब्यात घेतानाच, बेड नंबर, औषधांच्या वेळा, कुणाचं सलाइन कधी संपणार, हे कागदावर टिपून खिशात ठेवू दे. (कपडे धुताना तेवढे खिसे बघा.)

मात्र नवख्या मुलीवर एकटीने आठ पेशंट टाकणं मला पटत नाही. तिने इनचार्ज सिस्टरना सरळ विचारावं : मला शिकवायला कोण, आणि किती दिवस? उत्तराची टोलवाटोलवी झाली तर दुसरं रुग्णालय शोधावं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात असली की मुंबईत दारं बरीच आहेत. मूळ सर्टिफिकेटं मात्र कुणाकडे ठेवून येऊ नका.

नाइट करून आली की दारातच ‘आज काय झालं?’ नको. जेवू दे, झोपू दे. संध्याकाळच्या चहाला ती आपणहून बोलेल.