दही आणि कांद्याचा ग्रीक पास्ता करताना दही फुटू नये म्हणून काय करावे?

दही घालून केलेल्या ग्रीक पास्त्याचे दर वेळी चोथापाणी होते आणि कांदा गोड होण्याऐवजी करपतो, अशी तुमची अडचण आहे. मी हा पदार्थ अनेकदा करतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ आचेत आहे, असा माझा अनुभव आहे.

क्रीट आणि कार्पाथोस यांच्यामध्ये असलेल्या कासोस या छोट्या ग्रीक बेटावर हाताने वळलेला पास्ता, खूप वेळ परतलेला कांदा आणि ‘सिताका’ असा मेळ जमवतात. सिताका म्हणजे आंबट दूध तासन्‌तास आटवून केलेले मऊ, लोण्यासारखे चीज. ते बेटाबाहेर सहसा मिळत नसल्यामुळे त्याच्या जागी घट्ट दही वापरले जाते. ग्रीसमध्ये त्यासाठी मेंढीच्या दुधाचे दही उत्तम मानतात. ते स्निग्ध असते, म्हणून आपल्याकडे म्हशीच्या दुधाच्या दह्याचा चक्का त्याला सर्वांत जवळचा ठरतो. श्रीखंडासाठी टांगतो तसे दही पंचात बांधून तीन-चार तास टांगावे. मात्र चक्का फार आंबट नसावा.

चार माणसांसाठी ४०० ग्रॅम पास्ता, पाऊण किलो कांदे आणि साधारण ३५० ग्रॅम चक्का पुरतो. कांदे उभे, पातळ चिरून जाड बुडाच्या पसरट भांड्यात पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ठेवावेत. पहिली दहा मिनिटे झाकण ठेवले की मिठामुळे कांद्याला पाणी सुटते आणि तो मऊ पडतो. पुढे झाकण काढून अधूनमधून हलवत राहावे. पंचवीस मिनिटांनी कांदा सोनेरी दिसू लागतो आणि नेमका तेव्हाच आच वाढवण्याचा मोह होतो, तो आवरावा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी भांडेभर कांद्याचा जेमतेम वाटीभर तांबूस, चिकटसर गोळा उरतो. तळाला लागू लागल्यास चमचाभर पाणी शिंपडून तो तपकिरी थर खरवडून कांद्यातच मिसळावा, कारण खरी चव तिथेच असते. बिर्याणीवर घालतो तो कुरकुरीत तळलेला कांदा इथे चालत नाही.

आता दह्याकडे वळू. जास्त उष्णता लागली की दह्यातील प्रथिने आवळली जातात आणि पाणी वेगळे होते, म्हणून चक्का चुलीवर मुळीच ठेवू नये. तो आधी तासभर फ्रीजबाहेर काढून मोठ्या वाडग्यात गुळगुळीत फेटावा. पास्ता उकडलेले पाणी गाळून टाकण्यापूर्वी त्यातले कपभर बाजूला ठेवावे आणि त्यातील अर्धा कप पाणी एकेक चमचा करून चक्क्यात घालत ढवळत राहावे. असे केल्याने चक्का हळूहळू कोमट होतो, शिवाय पाण्यात उतरलेला पिष्टाचा अंश त्याला फुटण्यापासून वाचवतो. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, त्यामागचे कारण हेच. मिश्रण पळीवरून सलग धारेने ओघळू लागले की निथळलेला गरम पास्ता त्यात घालून हलक्या हाताने कालवावा.

वरून कांदा त्याच्या तेलासकट पसरावा आणि किसलेले केफालोतिरी घालावे. हे मेंढी-बकरीच्या दुधाचे खारट, कडक चीज न मिळाल्यास पार्मेझान चालते. पास्त्याच्या पाण्यात आणि चीजमध्ये मीठ असते, तेव्हा आणखी मीठ चव घेऊनच घालावे.

हा पास्ता लगेच वाढावा, कारण पुन्हा तापवला की तो हमखास फुटतो. मंडळी मागेपुढे जेवणार असतील, तर कांदा आणि फेटलेला चक्का तयार ठेवून पास्ता मात्र ज्याच्या त्याच्या वेळी उकडावा.